नञ्चा सहावा अर्थ

यज्ञेश्वरशास्त्र्यांचा आवाज काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा होता, कारण तो कधी खाली म्हणून येत नसे. व्याकरणाचा पाठ देताना तो जेवढा चढे, तेवढाच भाजीवालीशी बोलतानाही चढे. वय अठ्ठावन्न, अंगाने भरलेले, डोळे लहान मुलासारखे टकमक पाहणारे. आनंद झाला की शास्त्रीबुवा बसल्या जागेवरून उठत. फार झाला की येरझाऱ्या घालू लागत. आणि त्याहून जास्त झाला, तर चपला न घालता थेट घराबाहेर पडत.

सन एकोणीसशे आठच्या पौषात एका सकाळी त्यांना असा आनंद झाला.

संध्या आटोपून ते स्वयंपाकघराच्या दारावरून चालले होते. आत त्यांची सून शरदिनी तांदूळ निवडत बसली होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. शास्त्रीबुवांना वाटले, स्तोत्र असेल. म्हणून कौतुकाने थांबले.

"अनकेम्ट म्हणजे केस न विंचरलेला. अनकूथ म्हणजे अडाणी, रानटी. अनरूली म्हणजे..."

"काय म्हणालीस?"

शरदिनीचा हात सुपात तसाच थांबला. मांडीवरचा कागद तिने घाईघाईने तांदळाखाली सारला. तिचे माहेर नागपूरचे. तिथल्या शाळेत ती इंग्रजी सहावीपर्यंत शिकली होती. नवरा विष्णु प्रयागला टपालखात्यात होता, पंधरा दिवसांनी एकदा घरी येई. त्यानेच तिला मॅट्रिकची पुस्तके आणून दिली होती. सासूबाईंना, अन्नपूर्णाबाईंना, हे माहीत होते. फक्त शास्त्रीबुवांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी मनाई केली होती असे नाही, पण "इंग्रजीला व्याकरण नाही, नुसता गलबला आहे," हे वाक्य त्यांच्या तोंडून घरच्यांनी इतक्यांदा ऐकले होते, की विचारायची छातीच कोणाची झाली नव्हती.

"मामंजी, मी आपली..."

"ते राहू दे. पहिला शब्द पुन्हा म्हण."

"अनकेम्ट."

"म्हणजे न विंचरलेला? मग केम्ट म्हणजे विंचरलेला?"

"हो. पण तो शब्द आता कोणी वापरत नाही. आमच्या मिसबाई सांगायच्या, पूर्वी होता, मग गेला. अनकेम्ट तेवढा राहिला."

"गेला?" शास्त्रीबुवा मटकन उंबऱ्यावर बसले आणि लगेच उठले. "अगं, मूळ मेलं आणि नकार जिवंत राहिला! आणि नकार कसला, तर अन्! हा आपला नञ् आहे, सूनबाई! आपला नञ्!"

नञ् म्हणजे व्याकरणातला नकार. ज्ञानाचे अज्ञान करतो तो, उचिताचे अनुचित करतो तो. गेली चाळीस वर्षे शास्त्रीबुवांचा त्याच्याशी घरोबा होता, आणि तोच आता परमुलखात, परक्या पोशाखात भेटला होता. ते येरझाऱ्या घालू लागले. मध्येच कपाळाला आठी पडली.

"पण थांब. व्यंजनापुढे त्याचा नुसता अ व्हायला हवा. स्वर पुढे असला तरच अन्. नियमाने अकेम्ट पाहिजे होतं. चूक आहे ही!"

चुलीपाशी बसलेल्या अन्नपूर्णाबाईंनी मान वळवली. "आपली दूधवाली रोज दारात काय म्हणते? 'हम त अनपढ़ हईं, माईजी.' त्या पढ़मधला प काय स्वर आहे? अनजान म्हणतो, अनमोल म्हणतो. त्या साहेबांचं एकट्याचंच काय चुकलं?"

शास्त्रीबुवा बायकोकडे पाहतच राहिले. "अन्नपूर्णे, तू लाख बोललीस!" असे ओरडून ते जे निघाले, ते तसेच अनवाणी गल्लीत. मागे शरदिनीने तांदळातून कागद काढला, झटकला आणि सासूकडे पाहिले.

"रागावले नाहीत," ती म्हणाली.

"रागावले असते तर बरं झालं असतं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "आता हे सगळ्या काशीला सांगत सुटणार."

सगळ्या काशीला नाही, पण ज्याला सांगू नये नेमके त्यालाच त्यांनी सांगितले.

ब्रह्माघाटावर ढुंढिराजशास्त्री राहत. तेही वैयाकरणच. शरीराने काटकुळे, आवाज इतका हळू की शिष्यांना पुढे सरकून ऐकावे लागे. पण त्या हळू आवाजातले बोलणे सुईसारखे टोचायचे. यज्ञेश्वरशास्त्री आणि ते एकाच गुरूंपाशी शिकले होते आणि तेव्हापासून एकमेकांच्या चुका काढत होते.

यज्ञेश्वरशास्त्र्यांनी धापा टाकत सगळे सांगितले. ढुंढिराजशास्त्र्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"एकूण त्यांच्या भाषेत 'नाही' म्हणायची सोय आहे," ते म्हणाले. "कोणत्या भाषेत नसते? पोपटालाही मानेने नाही म्हणता येतं. आपल्या नञ्चे अर्थ सहा, शास्त्रीबुवा. अभाव हा त्यातला एक. त्यांचा अन म्हणजे भिंतीवर चुन्याने मारलेली फुली. दुसरं त्याला काय येतं?"

"सहाही येतात!"

"दाखवाल?"

"दाखवीन!"

"वसंतपंचमीला भोसले घाटावर सभा आहे. तिथे दाखवा. सहाच्या सहा दाखवलेत, तर तुमच्या सूनबाईंना मी भरसभेत हात जोडीन. एक जरी कमी पडला, तर हा इंग्रजीचा उद्योग तुमच्या घरातून बंद. पुस्तकं गंगार्पण."

"मंजूर!" यज्ञेश्वरशास्त्री म्हणाले. शब्द तोंडातून गेला तेव्हा त्यांच्या डोक्यात सहा अर्थ फेर धरून नाचत होते. आपण काय मंजूर केले, याचा विचार त्यांना शिवलाही नाही.

तो विचार घरी गेल्यावर अन्नपूर्णाबाईंनी केला.

"पणाला लावायला तुमची पगडी नव्हती?" त्या कडाडल्या. "पोरगी दोन वर्षं सगळ्या घराचं आवरून, वेळ चोरून अभ्यास करते आहे. तो काय तुमच्या खुंटीवरचा शेला आहे, उचलला आणि दिला?"

"अगं, पण हरायचा प्रश्नच नाही..."

शरदिनी दाराशी उभी होती. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्थिर होता. "मामंजी, माझ्या पुस्तकात असे शब्द पुरे नाहीत. जुने शब्द हवेत. इथल्या कॉलेजात रॅडली म्हणून एक साहेब आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीचा त्यांचा अभ्यास आहे, असं मिसबाईंनी मला पत्रात लिहिलं होतं. त्यांच्याकडे जावं लागेल."

"जाऊ! आजच जाऊ!"

काशीतला कर्मठ वैयाकरण आपल्या सुनेला बरोबर घेऊन एका घोड्याच्या एक्क्यातून सिक्रौलच्या गोऱ्या वस्तीतल्या साहेबाच्या बंगल्यावर निघाला, हे दृश्य गल्लीने माना उंचावून पाहिले. शास्त्रीबुवांना त्याची फिकीर नव्हती. वाटभर ते तिला नञ् शिकवीत होते. "अकाल म्हणजे काळ नाही असं नव्हे गं, वाईट काळ! अधर्म म्हणजे धर्माचा नुसता अभाव नव्हे, धर्माचा शत्रू! आणि अनुदरा कन्या म्हटलं, म्हणजे उदर नसलेली मुलगी? पोट नसेल तर जगेल कशी? पोट आहे, पण लहान, सडपातळ. हा अल्पतेचा नञ्. कळलं?" एक्केवाला मागे वळून वळून बघत होता.

रॅडली साहेब उंच, टकलाचे, पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांचे हिंदी पुस्तकातून वाचल्यासारखे येई. पंडितजी खुर्चीवर बसायला तयार नाहीत हे पाहून ते स्वतःच व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसले. शरदिनीने इंग्रजीत येण्याचे कारण सांगितले. सुरुवातीला तिचे शब्द अडखळत होते. ऐकता ऐकता साहेबांच्या भुवया वर वर जाऊ लागल्या. मग ते आत धावले आणि एक जाडजूड वही घेऊन आले. तीत त्यांनी वीस वर्षे जमवलेले जुने शब्द होते.

"पंडितजींना इंग्रजी येत नाही?" त्यांनी विचारले.

"एक अक्षर नाही," शरदिनी म्हणाली.

"मग असं करू. मी मूळ शब्दाचा अर्थ सांगतो. अन लागल्यावर त्याचा अर्थ काय होईल, ते पंडितजींनी सांगावं."

शास्त्रीबुवांनी मांडी ठोकली. "विचारा!"

"फ्रेंड म्हणजे मित्र. अनफ्रेंड?"

"अमित्र. शत्रू! मित्र नसलेला रस्त्यावरचा कोणीही नव्हे, वैरी!"

साहेबांनी वहीत पाहिले. सातशे वर्षांपूर्वीच्या एका वाक्यात तो शब्द वैऱ्यासाठीच आला होता. त्यांनी मान डोलावली. "टाइम म्हणजे वेळ. अनटाइम?"

"अकाल. अवेळ. जी वेळ चांगली नाही ती."

"वेदर म्हणजे हवा, ऋतुमान."

"मग अनवेदर म्हणजे वादळ! वाईट हवा! बरोबर?"

"बरोबर!" साहेबांचा आवाजही आता चढला होता. "डीड म्हणजे कृत्य..."

"अकृत्य. पापकर्म. पुढे!"

शरदिनी इकडून तिकडे भाषांतर करता करता थकली, पण त्या दोघांना दम नव्हता. ज्याला हॅट आणि टोपी यातला फरक सांगता आला नसता, असा एक म्हातारा पंडित शेकडो वर्षांपूर्वी समुद्रापार मेलेल्या शब्दांचे अर्थ एकामागून एक अचूक सांगत होता. कूथ म्हणजे ओळखीचे, असे साहेब म्हणाले, तर शास्त्रीबुवांनी अनकूथचा अर्थ 'ओळखीच्याहून निराळा, परका' असा सांगितला, आणि साहेब म्हणाले की पूर्वी अगदी तोच होता, 'रानटी' हा अर्थ मागाहून चिकटला. हा झाला अन्यत्वाचा नञ्. अनहोप म्हणजे आशेचा अभाव. तोही झाला.

मग साहेबांनी वहीचे एक पान बोटाने धरून ठेवले आणि हसले. "लँड म्हणजे भूमी. अनलँड?"

"पाणी," शास्त्रीबुवा म्हणाले.

साहेबांनी मान हलवली. नाही.

"आकाश? नाही? मग... नापीक जमीन?"

"तसाही एक अर्थ सापडतो. पण माझ्या मनात आहे तो वेगळा."

शास्त्रीबुवा उठले. व्हरांड्यात येरझाऱ्या सुरू झाल्या. विरोध नाही, अभाव नाही, अन्यत्व नाही, वाईटपणा नाही. काय राहिले? ते स्वतःशीच उदाहरणे घोकू लागले. अनश्व, अधर्म, अनिक्षु... अनिक्षु! इक्षु म्हणजे ऊस. अनिक्षु म्हणजे नदीकाठचा तो बोरू, लांबून अगदी उसासारखा दिसतो, पण ऊस नव्हे. ते गर्रकन वळले.

"दिसते भूमी, पण भूमी नव्हे! भूमीसारखं काहीतरी! माणूस फसतो असं!"

शरदिनीने ते इंग्रजीत सांगितले मात्र, साहेब ताडकन उभे राहिले. पायरीवरचा चहाचा पेला लाथेने उडून बागेत गेला. "जुन्या खलाशांची गोष्ट आहे," ते इंग्रजी-हिंदीची खिचडी करत सांगू लागले. "समुद्रात काळं बेट दिसतं. खलाशी नाव बांधतात, वर चढतात, चूल पेटवतात. आणि बेट बुडी मारतं! कारण ते बेट नसतंच. एका प्रचंड माशाची पाठ असते. तिला म्हटलंय अनलँड!"

"अभूमि!" शास्त्रीबुवा ओरडले.

"अनलँड!" साहेब ओरडले.

माळी झारी टाकून धावत आला. कोणाला काही चावले की काय, असे त्याला वाटले.

विरोध, वाईटपणा, अन्यत्व, अभाव आणि आता सादृश्य, असे पाच अर्थ हाती आले होते. राहिला एक, अल्पतेचा. साहेबांनी वही उलटसुलट चाळली. शेवटी एक शब्द दिला, अनमेनी. मेनी म्हणजे पुष्कळ, अनमेनी म्हणजे थोडे. शास्त्रीबुवांनी तो घेतला, पण दाताखाली खडा यावा तसे तोंड केले. सभेला मी स्वतः वही घेऊन येतो, असे साहेबांनी वचन दिले.

परतताना एक्क्यात शास्त्रीबुवांचे तोंड थांबत नव्हते. अर्धी वाट सरल्यावर त्यांच्या ध्यानात आले की शरदिनी बोलत नाही.

"का गं? दमलीस?"

"नाही, मामंजी." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "सहावा शब्द लंगडा आहे ना?"

"आहे थोडा. पण बघू, जमेल काही."

"नाही जमलं तर तुमचं काय जाईल? चार लोक हसतील. दोन दिवसांनी विसरतील." तिने मान खाली घातली होती. "माझी पुस्तकं जातील. मार्चात परीक्षा आहे. तुम्ही हो म्हणालात, तेव्हा मला विचारलं नव्हतं."

एवढेच ती बोलली. शास्त्रीबुवांना आठवले, की ज्या विद्येच्या आनंदात आपण आज लहान मुलासारखे नाचलो, ती या मुलीने तांदळाखाली लपवून शिकलेली आहे. चौकापासून गल्लीच्या तोंडापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांना इतका वेळ गप्प बसलेले शरदिनीने प्रथमच पाहिले.

वसंतपंचमीच्या दिवशी भोसले घाटावरच्या दगडी महालाचा दिवाणखाना तुडुंब भरला. शाली, उपरणी, पगड्या. रॅडली साहेब मांडी घालून एका बाजूला बसले होते आणि त्यांच्या पायाला मुंग्या येत होत्या. शरदिनी डोक्यावर पदर घेऊन त्यांच्याजवळच्या पाटावर बसली, तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज झाली. ढुंढिराजशास्त्र्यांनीही भुवई उचलली.

"भाषांतर दुसरा कोणी करणार असेल तर सांगा," यज्ञेश्वरशास्त्री म्हणाले. कोणी पुढे आले नाही. ते उभेच राहिले. "वादाआधी एक गोष्ट. मी जो पण लावला, तो मागे घेतो."

दिवाणखान्यात गलका उठला. "घाबरलात?" कोणीतरी ओरडले.

"घाबरलो नाही. चुकलो. जी वस्तू पणाला लावली ती माझी नव्हती. सूनबाईंचं शिक्षण सूनबाईंचं आहे. मी हरलो तरी ते चालू राहील." त्यांनी अग्रस्थानाच्या गादीकडे बोट दाखवले. "पण पणाशिवाय वाद अळणी होईल म्हणत असाल, तर जे माझं आहे ते मी लावतो. या सभेत वीस वर्षं अग्रस्थानी बसतो आहे. हरलो तर ती जागा ढुंढिराजशास्त्र्यांची. पुढच्या वर्षापासून मी दाराशी, चपलांजवळ बसेन."

शरदिनीने झटकन वर पाहिले. हे तिला ठाऊक नव्हते. ढुंढिराजशास्त्र्यांनी उपरणे सावरले. "ठीक आहे," ते त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, आणि सगळी सभा ऐकायला पुढे झुकली. "करा सुरू."

पहिले चार अर्थ सरसर गेले. साहेब जुने वाक्य वाचत, शरदिनी त्याचे मराठी करी, शास्त्रीबुवा नञ्चा अर्थ लावत. अनफ्रेंडवर ढुंढिराजशास्त्र्यांनी अडवले, नुसता परिचय नसलेला माणूस कशावरून नव्हे? तर साहेबांनी वाक्य दाखवले, त्यात अनफ्रेंड गावाला वेढा घालून बसला होता. सभा हसली. अनलँडची गोष्ट शरदिनीने सांगितली, तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज थांबली आणि माशाने बुडी मारली त्या जागी दोघातिघा म्हाताऱ्यांनी चक्क "अरे बाप रे!" म्हटले. पाच अर्थ मान्य झाले.

"आता अल्पता," ढुंढिराजशास्त्री म्हणाले.

यज्ञेश्वरशास्त्र्यांनी अनमेनी पुढे केला. ते बोलत होते, पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता.

"पुष्कळच्या उलट थोडे," ढुंढिराजशास्त्री लगेच म्हणाले. "ही अल्पता नव्हे, शास्त्रीबुवा, हा विरोध. तो तुम्ही मघाच अनफ्रेंडमध्ये खर्च केलात. अनुदरेला उदर असतं, फक्त लहान असतं. तुमच्या अनमेनीत पुष्कळपणा कुठे शिल्लक आहे?"

बरोबर होते. यज्ञेश्वरशास्त्र्यांना स्वतःलाही ते पटत होते, हीच पंचाईत. त्यांच्या कपाळावर माघाच्या थंडीत घाम आला. खालच्या घाटावरून नावाड्यांच्या हाका येत होत्या. सभेतल्या दहापाच जणांनी अग्रस्थानाच्या गादीकडे पाहून घेतले.

तेवढ्यात शरदिनी साहेबांकडे झुकली आणि भराभर इंग्रजीत काही विचारू लागली. साहेबांनी वही उघडली. एक पान, दुसरे पान. मग बोट थांबले. तिने ते वाक्य दोनदा वाचले आणि मान वर केली.

"मी बोलू?"

हे तिने सासऱ्यांना विचारले नव्हते, सभेला विचारले होते. ढुंढिराजशास्त्र्यांनी हाताने बोला अशी खूण केली.

"शब्द आहे अनस्ट्राँग. स्ट्राँग म्हणजे बलवान, ज्याच्या अंगात बळ आहे तो."

"आणि अनस्ट्राँग म्हणजे दुर्बळ," ढुंढिराजशास्त्री म्हणाले. "पुन्हा विरोधच झाला, बाई."

"वाक्य ऐकावं. एक माणूस मोठ्या आजारातून उठला आहे. काठी टेकत देवळापर्यंत चालत जातो, वाटेत तीनदा बसतो. त्याला म्हटलं आहे अनस्ट्राँग." तिचा आवाज सुरुवातीला बारीक होता, पण शब्दाशब्दाला मोकळा होत होता. "त्याच्या अंगात बळ मुळीच नसतं, तर तो अंथरुणातून उठलाच नसता. बळाचा शत्रू असता, तर त्याला देवळापर्यंत कोणी नेलं? बळ आहे, काका. थोडं आहे. थोडे लोक म्हणजे पुष्कळ लोक नव्हेत, हे आपलं म्हणणं खरं. पण थोडं बळ हे बळच असतं. जसं अनुदरेचं लहान पोट हे पोटच असतं."

यज्ञेश्वरशास्त्र्यांचे तोंड उघडे राहिले होते. हा युक्तिवाद त्यांचाच होता, एक्क्यात शिकवलेला. पण त्यांना तो सुचला नव्हता.

ढुंढिराजशास्त्र्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. ते खोट काढत आहेत, हे सगळ्यांना कळत होते. बराच वेळ गेला. साहेबांनी मुंग्या आलेला पाय हळूच लांब केला.

मग ढुंढिराजशास्त्र्यांनी डोळे उघडले. "मान्य," ते म्हणाले.

आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी आवाज चढवला, शेवटच्या रांगेला ऐकू जावे म्हणून. "मान्य! सहावा अर्थ सिद्ध झाला. आणि तो यज्ञेश्वरशास्त्र्यांनी सिद्ध केलेला नाही." ते उठले, पाटासमोर आले आणि शरदिनीला दोन्ही हात जोडले. खरे तर तो पण मागे घेतला गेला होता, तरीही. ती गडबडून उठली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. मग जो गदारोळ झाला, त्यात कोण काय बोलत होते ते कोणालाच कळले नाही. सगळे पंडित एकदम साहेबांच्या वहीवर तुटून पडले होते, प्रत्येकाला एक शब्द हवा होता, आणि साहेब टकलावरचा घाम पुसत "एक एक, पंडितजी, एक एक!" म्हणत होते. यज्ञेश्वरशास्त्री मध्ये उभे राहून डोळे पुसत होते आणि हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची कडी वाजली. यज्ञेश्वरशास्त्र्यांनी उघडले, तर समोर ढुंढिराजशास्त्री. दोघांच्या घरांत जेमतेम शंभर पावलांचे अंतर, पण ते या दारात बारा वर्षांनी आले होते.

"माझ्या दोन नाती आहेत," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "अंबिका नऊ वर्षांची, बकुळ सातची. काल सभा झाल्यापासून घरात एकच धोशा चालला आहे, आम्हाला अन शिकायचंय. तुमच्या सूनबाई त्यांना शिकवतील का?"

"हो! न शिकवायला..." यज्ञेश्वरशास्त्र्यांचा आवाज निम्म्या गल्लीत पोचला आणि तिथेच थांबला. त्यांनी तोंड मिटले. एकदा आत पाहिले, एकदा बाहेर पाहिले.

"तिलाच विचारा," ते म्हणाले आणि दारातून बाजूला झाले.

शरदिनी हात पुसत बाहेर आली. तिने सगळे नीट ऐकून घेतले, क्षणभर विचार केला.

"मार्चापर्यंत मला वेळ नाही, काका. परीक्षा आहे. पाडव्यापासून पाठवा. रोज दुपारी, एक तास."

"बरं," ढुंढिराजशास्त्री म्हणाले. जायला वळले, पुन्हा थांबले. "पाटी आणायची का त्यांनी?"

"पाटी नको," ती म्हणाली. "पाटीवरचं पुसलं जातं. वही आणू द्या."